न दिसणारा जामीनदार

बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाकडे शेजारपाजारचे लोक दोन प्रकारचे कागद घेऊन येतात. एक, मुदत ठेवींच्या पावत्या, दुसरी, कोटेशनं. पावतीवर व्याज किती सुटेल ते सांगायचं आणि कोटेशनात दुकानदाराने कुठे हात मारलाय ते शोधायचं. कॉटन ग्रीन स्टेशनच्या पश्चिमेला, काळाचौकीच्या अंगाला असलेल्या आमच्या वसाहतीत हे काम मी चहाच्या मोबदल्यात करतो. त्यात माझाही स्वार्थ असतो. कथा-कादंबऱ्या लिहिणाऱ्याला कोटेशनाइतकं बोलकं साहित्य दुसरं मिळत नाही. माणसाला काय हवंय, काय परवडतंय आणि काय हवंसं वाटूनही त्याने खोडलंय, हे सगळं एका पानात असतं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात शेजारच्या इमारतीतली मुलगी असाच एक कागद घेऊन आली. वडील माथाडी कामगार होते, ते चार वर्षांपूर्वी गेले. आई जेवणाचे डबे देते. मुलीने ॲनिमेशन आणि एडिटिंगचा कोर्स केलेला, लग्नाच्या फिती आणि छोट्या जाहिराती जुळवून देण्याची कामं मिळू लागलेली. पण काम करायचं ते दुसऱ्याच्या मशीनवर, रात्री त्याचं आटोपल्यावर. स्वतःचा कॉम्प्युटर असेल तर दिवसाही काम करता येईल, हा तिचा साधा हिशेब. जवळ अठ्ठेचाळीस हजार रुपये. त्यातले वीस हजार आईच्या भिशीचे.

कोटेशन लॅमिंग्टन रोडचं होतं. एकूण ४७,६०० रुपये. प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, मॉनिटर, कीबोर्ड-माउस. प्रत्येकापुढे कंपनीचं नाव, मॉडेल नंबर, वॉरंटीची वर्षं. आणि शेवटची ओळ अशी: ‘कॅबिनेट, काच आणि आरजीबी पंखे, विथ ५०० वॉट एसएमपीएस.’ बस्स. एसएमपीएसला कंपनी नव्हती, मॉडेल नव्हतं, वॉरंटी नव्हती. त्याला स्वतःची किंमतही नव्हती. भाजीवरच्या कोथिंबिरीसारखा तो कॅबिनेटबरोबर फुकट आला होता.

‘‘हे काय आहे?’’ मी विचारलं.

‘‘ते होय काका? ते कॅबिनेटसोबतच येतं. वीज देतं नुसतं.’’

‘वीज देतं नुसतं’ हे शब्द ऐकून मी चष्मा पुसला. कारण त्या ‘नुसतं’ची किंमत मी एकदा मोजलेली होती.

*

१९९९ सालची गोष्ट. बँकेत आम्हाला तोवर कॉम्प्युटरची सवय झाली होती. रंगराजन समितीचा पहिला अहवाल १९८४चा, त्यानंतर शाखाशाखांत लेजर पोस्टिंगची यंत्रं आली. त्यांच्यासाठी वातानुकूलित खोली, बाहेर चपला काढायची पाटी आणि शेजारी बॅटऱ्यांनी भरलेलं कपाट. त्या कपाटाकडे आम्ही कधी लक्ष दिलं नाही. घरी मात्र मी लॅमिंग्टन रोडच्या एका दुकानातून जुळवलेला कॉम्प्युटर आणला. दुकानाचं नाव सांगण्यात अर्थ नाही. देवनागरी टंकलेखनाचं सॉफ्टवेअर टाकून घेतलं आणि नवी कादंबरी थेट पडद्यावर लिहायला घेतली.

जुलैत एका संध्याकाळी दिवे गेले, आले, पुन्हा गेले आणि आले. दुसऱ्यांदा आले तेव्हा टेबलाखालून फटाक्यासारखा आवाज झाला आणि खोलीभर जळका वास पसरला. नुसता एसएमपीएस गेला असता तर मी हळहळलो नसतो. पण जाताना तो मदरबोर्ड आणि हार्ड डिस्क बरोबर घेऊन गेला. डिस्कवर कादंबरीची एकशे बत्तीस पानं होती. फ्लॉपीवर उतरवून ठेवलेली होती फक्त चाळीस.

लॅमिंग्टन रोडलाच एका पोटमाळ्यावर दुरुस्तीचं काम करणारे एक वयस्कर गृहस्थ होते. त्यांनी त्या पत्र्याच्या डब्याचे चार स्क्रू काढले आणि मला आतलं हिरवं पान दाखवलं. त्यावर जागोजागी पांढऱ्या शाईने भागांची चिन्हं छापलेली होती. इथे गुंडाळी, इथे कपॅसिटर, इथे फ्यूज. पण त्या जागी भाग नव्हतेच. कुठे भोकं रिकामी होती, तर कुठे तारेचा तुकडा झाळून रस्ता जोडून टाकला होता.

‘‘साहेब,’’ ते म्हणाले, ‘‘नकाशात बंगला आहे, जागेवर नुसती पायरी आहे.’’

ब्याण्णव पानं मी पुन्हा लिहिली. कादंबरी यथावकाश छापून आली. पण पहिल्या खेपेला लिहिलेलं एक प्रकरण मला आजतागायत नीट आठवत नाही. ते दुसऱ्यांदा लिहिलेल्यापेक्षा चांगलं होतं, एवढंच आठवतं.

*

आता हा डबा करतो काय, ते सांगितलं पाहिजे. कारण ज्याचं काम आपल्याला कळत नाही, त्याची किंमत आपण आकारमानावरून करतो.

आमच्या ह्या भागाला विजेचं नवल नाही. टाटांनी खोपोलीला पाण्यावर वीज तयार केली आणि १९१५ साली ती मुंबईच्या गिरण्यांकडे आणली, ती परळच्या वाटेने. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदरहून कुर्ल्याला हिंदुस्थानातली पहिली विजेची गाडी धावली, तीही ह्याच हार्बरच्या मार्गाने. त्या गाडीला लागे १५०० व्होल्टचा एकदिश प्रवाह. तो बदलून हार्बरवर २५,००० व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह पूर्णपणे यायला एप्रिल २०१६ उजाडला. सांगायचा मुद्दा असा की, वीज जशी येते तशी कोणालाच चालत नाही. प्रत्येकाला ती आपल्या घासाच्या आकाराची करून घ्यावी लागते.

बेस्टची वीज घरात येते ती २३० व्होल्टची, सेकंदाला पन्नास वेळा मागेपुढे होणारी. कॉम्प्युटरला हवे असतात १२, ५ आणि ३.३ व्होल्ट, तेही एकाच दिशेने वाहणारे आणि स्थिर. ह्या दोहोंमध्ये जो दुभाष्या बसतो तो एसएमपीएस, म्हणजे स्विच मोड पॉवर सप्लाय. आधी तो आलेल्या विजेला एकदिश करतो. ह्या टप्प्यावर डब्यात सव्वातीनशेच्या आसपास व्होल्ट असतात, म्हणून तो घरी उघडून बघू नये. वायर काढल्यावरही आत काही काळ साठा राहतो. मग तो ह्या विजेचे सेकंदाला हजारो, कधी लाखभर तुकडे करतो. इतक्या वेगाने तुकडे केले की ट्रान्स्फॉर्मर मुठीत मावेल एवढा पुरतो. जुन्या रेडिओतला विटेएवढा ट्रान्स्फॉर्मर आठवा, म्हणजे ह्यातली गंमत कळेल. शेवटी हे तुकडे गाळून, सपाट करून तो मदरबोर्डाला देतो. घरगुती कॉम्प्युटरमध्ये ही पद्धत रुळवण्यात १९७७च्या ॲपल टू ह्या यंत्राचा मोठा वाटा. त्याचा पॉवर सप्लाय रॉड होल्ट ह्या अभियंत्याने आखला होता.

ह्यात काटकसर करायला जागा कुठे आहे? सगळीकडे. आत येताना वीज गाळणारं फिल्टर काढून टाकलं तरी कॉम्प्युटर चालू होतो. व्होल्ट भलतेच वाढले तर सगळं बंद पाडणारं संरक्षण वगळलं तरी चालू होतो. कपॅसिटर हलक्या प्रतीचे बसवले तरी होतो. कपॅसिटरला उष्णता सोसत नाही. ढोबळ नियम असा की दहा अंश तापमान वाढलं की त्याचं आयुष्य निम्मं होतं. त्यामुळे ८५ अंशांना टिकणारा आणि १०५ अंशांना टिकणारा, ह्या दोघांत पहिल्या दिवशी फरक दिसत नाही. तो दिसतो दुसऱ्या-तिसऱ्या मे महिन्यात. हलक्या मालाचं मर्म हेच की तो सुरुवातीला खऱ्या मालाइतकाच चालतो.

बँकेत कर्जाच्या फायलीत कर्जदाराची माहिती दहा पानं असायची आणि जामीनदाराची म्हणजे एक सही, एक पगारपत्रक. कर्ज सुरळीत फिटत असलं तर जामीनदाराचं नावही कोणाला आठवत नसे. हप्ते थकले की मात्र सगळं घर त्याच्या दारात. तेव्हा कळायचं की सही खरी आहे, पण माणूस फाटका आहे. एसएमपीएस हा कॉम्प्युटरचा जामीनदार आहे. त्याची पत अडचणीच्या दिवशीच कळते, आणि तोवर तपासायची वेळ गेलेली असते.

*

रविवारी लॅमिंग्टन रोडची बरीच दुकानं बंद असतात, म्हणून आम्ही शनिवारी निघालो. कॉटन ग्रीनहून हार्बरने सँडहर्स्ट रोड, तिथून जे. जे.वरून चालत. ह्या रस्त्याचं सरकारी नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण ते पत्रापुरतं. कधीकाळी इथे लोक रेडिओचे व्हॉल्व्ह घ्यायला आणि सिनेमे बघायला येत. आता ग्राफिक्स कार्ड घ्यायला येतात.

पहिल्या दुकानात काउंटरवरच्या मुलाने फुकटातला तो एसएमपीएस काढून दाखवला. मोठ्या अक्षरांत ‘५००’. त्याने जाड कनेक्टरमधली हिरवी वायर तारेच्या तुकड्याने काळ्या वायरीला जोडली, पंखा गरगर फिरला. ‘‘बघा काका, ओके आहे.’’

ही परीक्षा ह्या बाजारात सर्वत्र घेतात. तिने एवढंच सिद्ध होतं की डबा जिवंत आहे. भार पडल्यावर तो उभा राहील का, हे त्यातून कळत नाही. जामीनदार बँकेत चालत आला म्हणजे त्याची पत सिद्ध झाली, असं म्हणण्यासारखं आहे ते.

मी मुलीला म्हटलं, ‘‘मोठे आकडे सोड. लेबलवरचा तक्ता वाच.’’

प्रत्येक एसएमपीएसवर एक तक्ता छापलेला असतो. कोणत्या व्होल्टला किती अँपिअर, ते त्यात दिलेलं असतं. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॉट, हा सातवीतला गुणाकार. त्या डब्यावर १२ व्होल्टपुढे १४ अँपिअर लिहिलं होतं. म्हणजे १६८ वॉट. ५ व्होल्टपुढे २०, म्हणजे १००. ३.३पुढे १८, म्हणजे साठाला थोडे कमी. सगळे मिळूनही सव्वातीनशेच्या घरात. आणि ते सगळे एकाच वेळी मिळतात असंही नाही. मग पाचशे आले कुठून?

शिवाय ह्यातले खरे उपयोगाचे १६८च. जुने प्रोसेसर ५ व्होल्टच्या वाटेने जेवत. २०००च्या सुमारास पेंटियम फोर आला आणि प्रोसेसरसाठी १२ व्होल्टची वेगळी चार पिनांची वायर सुरू झाली. आज प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड ही दोन्ही खादाड मंडळी १२ व्होल्टवरच जगतात. तेव्हा चांगल्या एसएमपीएसमध्ये जवळजवळ सगळी ताकद १२ व्होल्टलाच असते. शेजारच्या खोक्यावर ‘४५०’ लिहिलं होतं आणि १२ व्होल्टपुढे ३६ अँपिअर. म्हणजे ४३२ वॉट.

कंपन्यांच्या ताळेबंदात अधिकृत भांडवल आणि भरणा झालेलं भांडवल असे दोन आकडे असतात. पहिला छापण्यासाठी, दुसरा खरा. ह्या दोन डब्यांत पाचशेवाल्याचा आकडा अधिकृत होता आणि साडेचारशेवाल्याचा भरणा झालेला. मुलीने मोबाइलवर गुणाकार दोनदा करून बघितला आणि पाचशेवाला डबा हळूच पलीकडे सरकवला.

*

दुसऱ्या दुकानाचे मालक माहीतगार निघाले. त्यांनी ‘एटी प्लस’चं चिन्ह असलेले डबे मांडले. ह्या चिन्हाबद्दल गैरसमज फार. २००४ साली अमेरिकेत सुरू झालेली ही प्रमाणपत्राची पद्धत. मूळ अट अशी की एकूण क्षमतेच्या २०, ५० आणि १०० टक्के भारावर घेतलेल्या विजेपैकी किमान ८० टक्के वीज कामी यावी, बाकीची उष्णता होऊन गेली तरी चालेल. ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड ह्या त्यावरच्या पायऱ्या.

ह्याचा हिशेब करून बघण्यासारखा आहे. कॉम्प्युटरला १५० वॉट हवे असतील तर सत्तर टक्क्यांचा डबा भिंतीतून २१४ वॉट ओढतो, पंच्याऐंशीचा १७६. फरक ३८ वॉटचा. रोज सहा तास काम केलं तर वर्षाला सुमारे त्र्याऐंशी युनिटं. ती कॉम्प्युटर चालवत नाहीत, खोली तापवतात. आणि डबाही तापवतात, म्हणजे पुन्हा कपॅसिटरचं आयुष्य आलं.

पण हे प्रमाणपत्र काटकसरीचं आहे, चारित्र्याचं नाही. संकटात डबा कसा वागेल, हे ते सांगत नाही. त्यासाठी खोक्यावर संरक्षणांची यादी बघायची: व्होल्ट वाढले तर, व्होल्ट पडले तर, प्रवाह जास्त झाला तर, शॉर्ट झाला तर, भार वाढला तर आणि डबा तापला तर बंद पडणं. हलक्या डब्यांत त्यातलं एखाददुसरं नावापुरतं असतं. आणखी एक गुण खोक्यावर क्वचितच असतो, तो म्हणजे वीज गेल्यावर दम धरणं. इंटेलच्या एटीएक्स नियमावलीत ही मुदत सोळा-सतरा मिलिसेकंदांची आहे. ऐकायला क्षुल्लक वाटतं. पण साध्या यूपीएसला बॅटरीवर जायला पाच-दहा मिलिसेकंद लागतात. तेवढा वेळ एसएमपीएसने तग धरला नाही, तर यूपीएस असूनही कॉम्प्युटर बंद पडतो आणि आपण शिव्या यूपीएसला घालतो.

आणि कंपनीचं नाव? तेही अर्धच खरं. बऱ्याच नामांकित कंपन्या एसएमपीएस स्वतः बनवत नाहीत. चॅनेल वेल, ग्रेट वॉल, एचईसी अशा कारखान्यांकडून करून घेतात आणि आपलं नाव लावतात. त्यामुळे एकाच नावाखाली एक मालिका उत्तम आणि दुसरी सामान्य असू शकते. नावापेक्षा मॉडेल बघावं, आणि त्या मॉडेलची भाराखाली चाचणी करून, आतले भाग उघडून कोणी लिहिलंय का ते वाचावं. लेबलवर आयएस १३२५२ आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असेल, तर तो क्रमांक भारतीय मानक ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपवर खरा की खोटा ते दोन मिनिटांत कळतं. आम्ही दुकानात उभं राहूनच बघितलं. मालक हसले, पण रागावले नाहीत.

*

आता माझी चूक सांगतो. मालकांनी माझा चेहरा ओळखला. एकदा पोळलेलं गिऱ्हाईक दुकानदाराला लांबून कळतं. त्यांनी खालच्या कपाटातून ७५० वॉटचा, गोल्डवाला, दहा वर्षं वॉरंटीचा डबा काढला. किंमत सात हजारांच्या वर. मी तो हातात घेतला आणि मला एकशे बत्तीस पानं आठवली. मी म्हटलं, ‘‘हाच घेऊ या. वरचे पैसे मी देतो.’’

‘‘काका, थांबा,’’ मुलगी म्हणाली. तिने कोटेशनाच्या पाठीवर लिहायला सुरुवात केली. प्रोसेसर ६५ वॉटचा, जोरात असताना नव्वदच्या आसपास. मदरबोर्ड, रॅम, डिस्क, पंखे मिळून पन्नास धरले. ग्राफिक्स कार्ड आत्ता नाहीच, प्रोसेसरमधल्यावर भागवायचं. पुढच्या वर्षी कामं वाढली तर ११५-१३० वॉटचं कार्ड. म्हणजे सगळे घोडे एकदम उधळले तरी पावणेतीनशे.

‘‘साडेचारशे पुरे आहे. साडेसातशेचं मला काय करायचं? आणि तुमचे पैसे नकोत. ते फेडण्याचं ओझं त्या मशीनवर कशाला?’’

मी गप्प बसलो. बँकेत मीच नव्या अधिकाऱ्यांना सांगत असे की पन्नास हजारांच्या कर्जाला पाच लाखांचं तारण मागणारा माणूस सावध नसतो, घाबरलेला असतो. स्वस्तातला डबा घेणं जसं चूक, तसंच भीतीपोटी दुप्पट ताकदीचा घेणंही चूकच. गरज मोजावी, वर साठ-सत्तर टक्के सवड ठेवावी आणि उरलेल्या पैशांत वॅटेज नाही, दर्जा घ्यावा.

साडेचारशे वॉटचा, ब्राँझ चिन्हाचा, पाच वर्षं वॉरंटीचा डबा २,९०० रुपयांना ठरला. कॅबिनेट एसएमपीएसशिवाय घेतलं तर सातशे कमी होत होते. बेरीज गेली ४९,८०० वर. अठराशे कमी पडत होते.

मला वाटलं, काचेचं, रंगीत दिव्यांचं कॅबिनेट जाईल आणि साधा काळा पत्रा येईल. तसं मी सुचवलंही. तिने काचेवर हात ठेवला. ‘‘काका, घरात विकत आणलेली नवी वस्तू कितीतरी वर्षांनी येतेय. आईला आतलं दिसू दे ना.’’ मग तिने २,६०० रुपयांचा दिव्यांचा कीबोर्ड-माउस खोडला आणि सातशेचा साधा लिहिला. बेरीज ४७,९००. शंभर रुपये उरले, त्याचे आम्ही वडापाव खाल्ले.

निघताना मी एकच हट्ट धरला, तो पक्क्या बिलाचा. बिलावर मॉडेल आणि सिरियल नंबर. एसएमपीएसची वॉरंटी पाच वर्षांची असते, पण ती बिलाच्या तारखेपासून मोजतात. चिठोऱ्यावर घेतलेल्या मालाची वॉरंटी दुकानदाराच्या स्मरणशक्तीइतकीच.

*

इथे गोष्ट संपायला हवी होती, पण त्याच रात्री ती परत आली. कॉम्प्युटर उत्तम चालू होता, पण कॅबिनेटच्या पत्र्याला हात लागला की बोटांना मुंग्या येत होत्या. ‘‘एवढा महागाचा घेऊन पण शॉक बसतो काका. मैत्रिणीचा फुकटातला आहे, त्याला काही होत नाही.’’

तिचं निरीक्षण बरोबर होतं आणि कारण उलटं होतं. चांगल्या एसएमपीएसमध्ये विजेतली घाण गाळणारं जे फिल्टर असतं, त्यातले दोन छोटे कपॅसिटर ती घाण तिसऱ्या पिनेच्या वाटेने जमिनीत सोडतात. ती वाटच नसेल तर पत्रा साधारण निम्म्या व्होल्टवर तरंगत राहतो. प्रवाह अगदी सूक्ष्म, म्हणून नुसत्या मुंग्या. फुकटातल्या डब्याला मुंग्या येत नाहीत, कारण त्यात फिल्टरच नसतं. पायरीवाल्या बंगल्याचं छप्पर गळत नाही, तसं.

सकाळी ओळखीच्या वायरमनला बोलावलं. त्याने टेस्टर लावला, बोर्ड उघडला. प्लगला तीन पिना, सॉकेटला तीन भोकं, पण तिसऱ्या भोकामागे वायर नव्हती. जुन्या वसाहतींतल्या कित्येक घरांत हेच आहे. मीटरपेटीपर्यंत अर्थिंग आलेलं, खोलीपर्यंत नाही. पन्नास-साठ वर्षांपूर्वी ह्या खोल्यांत एक दिवा आणि एक पंखा होता, तिसऱ्या वायरीचं काम कोणाला पडलं नाही. आता त्याच वायरिंगवर फ्रीज, मिक्सर, वॉशिंग मशीन आणि कॉम्प्युटर.

मुंबईकराला वाटतं, आपली वीज जात नाही. एका अर्थी ते खरंही आहे. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी सगळी मुंबई अंधारली आणि लोकल जागच्या जागी थांबल्या, ती बातमी झाली ती त्याच्या दुर्मीळपणामुळे. पण उपकरणं मरतात ती अशा मोठ्या अंधारात नाही. ती मरतात पावसाळ्यात, एखाद्या इमारतीच्या पेटीत न्यूट्रलची वायर सैल होते तेव्हा. तीन फेजांचा तोल जातो आणि एखाद्या घरात २३०च्या जागी साडेतीनशे, चारशेपर्यंत व्होल्ट शिरतात. १९९९च्या त्या संध्याकाळी आमच्याकडे हेच झालं असावं, असं तो पोटमाळ्यावरचा गृहस्थ म्हणाला होता. असल्या माराने चांगला एसएमपीएसही मरू शकतो. फरक असा की तो एकटा मरतो. मदरबोर्डाला आणि डिस्कला बरोबर नेत नाही.

वायरमनने मीटरपेटीपासून हिरवी वायर ओढली, सॉकेट बदललं. पैसे घेतले नाहीत. आठ दिवस डबा घेतला. मुंग्या थांबल्या. मी मुलीला एक शेवटची गोष्ट सांगितली आणि ती तिने ऐकली: कामाची एक प्रत नेहमी बाहेरच्या डिस्कवर. जामीनदार कितीही भला असला, तरी तो पानं परत लिहून देत नाही.

ह्याला आता वर्ष होत आलं. मध्ये एक पावसाळा गेला, एक कडक मे महिना गेला. रात्री गच्चीवर फेऱ्या मारताना समोरच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर निळसर-जांभळा उजेड दिसतो. कॅबिनेटच्या काचेतून येणारा. तिची आई परवा भेटली तेव्हा मी सहज विचारलं, ‘‘काय वहिनी, मशीन काय म्हणतंय?’’

‘‘काही नाही म्हणत बाई ते,’’ त्या म्हणाल्या. ‘‘आवाजसुद्धा करत नाही.’’

एसएमपीएसविषयी ह्याहून चांगलं बोलण्यासारखं काही नसतं.